सर्व्हर थांबला, मी हसलो

सर्व्हर माझ्यामुळे बंद पडला होता, दिलीपमुळे नाही. वर्ध्यातल्या तुम्हा सगळ्यांना वाटतं, दिलीपला पुणं मानवलं नाही म्हणून तो परतला. इतकी वर्षं मी ते खोडून काढलं नाही.

आम्ही दोघं एकाच मोहल्ल्यातले, एकाच बसने पुण्याला निघालेले. त्याची आई खिडकीखाली उभी राहून म्हणाली होती, "दोघं एकमेकाले धरून राह्यजा रे." येरवड्याच्या खोलीत आमच्यात एकच इस्त्री होती. पुढे नोकरीही एकाच कंपनीत लागली. मी आपलं वऱ्हाडी 'काऊन' सोडून 'कशाला' म्हणायला शिकलो. तो शिकला नाही, आणि मला त्याची लाज वाटायची.

कंपनीने नवा सर्व्हर असिंक्रोनस लायब्ररीवर बांधायला घेतला. त्यात एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा, हजारो रिक्वेस्ट सांभाळतो, कारण उत्तराची वाट पाहणारी रिक्वेस्ट बाजूला होऊन इतरांना जाऊ देते. कुणी वाट अडवायची नाही, एवढाच नियम. पलीकडून उत्तर आलं नाही तर दोन सेकंद थांबून पुन्हा विचारायचं होतं. ते थांबणं मी जुन्या सवयीने साध्या 'स्लीप'ने लिहिलं; ती आज्ञा बाजूला न होता वाट अडवूनच थांबते. ती एक रिक्वेस्ट झोपली आणि तिच्यासोबत अख्खा सर्व्हर. टाइप मी केलं होतं, पण मशीन दिलीपचं होतं, म्हणून नोंद त्याच्या नावाने झाली.

मीटिंगमध्ये मॅनेजर शांतपणे म्हणाले, "दिलीपराव, आपल्या गावची दुपार आपण सर्व्हरमध्येही आणलीत."

सगळे हसले. दिलीपने माझ्याकडे पाहिलं. मीही हसलो.

त्याने माझं नाव कधीच घेतलं नाही. 'काय, दुपार झाली का?' असं लोक त्याला जाता-येता विचारू लागले. महत्त्वाचं काम त्याच्याकडे येईनासं झालं. शेवटी त्याने राजीनामा दिला. त्याचं सामान टेम्पोत चढवायला मी गेलो होतो.

कात्रजचा फ्लॅट माझा आहे, पण झोपेत मी अजून वर्ध्याचंच बोलतो, असं बायको सांगते. आणि वर्ध्याला गेलो की दिलीपची गल्ली टाळून लांबून वळसा घ्यायचो. स्वतःच्याच गावात रस्ते चुकवत फिरायचं, तर ते गाव आपलं कसलं?

या हिवाळ्यात मी वळसा घेतला नाही, सरळ त्याच्या घरी गेलो. दिलीप आता तिथल्या कॉलेजात शिकवतो. त्याचा मुलगा समोरच बसला होता. वहिनी चहा ठेवायला उठल्या, त्यांना मी बसायला सांगितलं. दिलीपला काय ते कळलं असावं.

"जाऊ दे बे आता," तो म्हणाला.

"नाही जाऊ देत. वहिनी, थे चूक माही होती, याची नाही. याच्या नावावर गेली तवा मी गप रायलो, वरून हासलो. माफ कर, दिल्या."