‘परत या’ नावाची सीडी

उस्तादांचा माणसांवर फार विश्वास होता. फक्त तो माणूस कॉम्प्युटरसमोर बसेपर्यंत. आमच्या घरी आले की ते चपला बाहेर काढायचे, पाणी प्यायचे, बाबांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि मग माझ्याकडे वळून, नाडी धरलेल्या वैद्याच्या गंभीरपणे विचारायचे, “भाऊ, मागच्या खेपेपासून याच्यासंगं काय काय केलं? खरं सांगा. मशीन झूठ नाही बोलत.”

मी रीतसर खोटं बोलायचो, आणि मशीन पाच मिनिटांत मला उघडं पाडायचं.

पांढरकवड्याच्या बसस्टँडमागे त्यांचं दुकान होतं. पाटीवर आधी ‘रेडिओ व टेप दुरुस्ती’ होतं, मग त्याखाली ‘मोटर रिवाइंडिंग’ आलं, आणि पुढे उरलेल्या कोपऱ्यात, जागा संपत आल्यामुळे बारीक बारीक होत गेलेल्या अक्षरांत, ‘कॉम्प्युटर’. नाव पाटीवर नव्हतंच. सगळा गाव उस्ताद म्हणायचा. कॉम्प्युटरचा कोर्स त्यांनी कुठेही केला नव्हता. कोर्स केलेले लोक गावात होते. त्यांचे कॉम्प्युटर बिघडले की ते उस्तादांकडे आणायचे.

इंटरनेट आमच्याकडेही आलंय असं ऐकून होतो. ते टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि मावशीचा फोन आला की जायचं. म्हणून उस्ताद दर बुधवारी एसटीने यवतमाळला जात, तिथल्या कॅफेत दिवसभर बसत आणि डाउनलोड केलेला माल सीडीवर भरून परत येत. यवतमाळला निघालेल्या माणसाला लोक औषधं सांगतात, चष्म्याची काच सांगतात, उस्तादांना सांगायचे, “येताना मले तो मराठी फॉन्ट घेऊन या.” त्यांच्या खिशातल्या डायरीत संकेतस्थळांचे पत्ते असत. कुठे फुकट आणि बिनधोक मिळतं, कुठे फुकटच्या नावाखाली कचरा गळ्यात पडतो, ते प्रत्येक पत्त्यापुढे मराठीत लिहिलेलं. एका पत्त्यापुढे नुसतंच ‘चोर’ असा शेरा होता.

कंपन्यांनी ठेवलेली नावं त्यांना मंजूर नव्हती. त्यांच्या पिशवीतल्या सीड्यांवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं असे : नको त्या फाइली साफ करते ती ‘झाडू’. मोठी फाइल आवळून लहान करते ती ‘गाठोडं’. कुठलाही सिनेमा चालवते ती ‘सब चलेगा’. व्हायरस मारते तो ‘फवारा’. आणि पुसलेल्या फाइली शोधून आणते ती ‘परत या’.

“नाव असं पायजे भाऊ,” ते म्हणायचे, “का वाचलं की काम समजलं पायजे. तुमच्या हापिसातल्या योजनेसारखं नाही.”

माझं हापिस म्हणजे शेतीखात्याचं. त्या वर्षांत आमच्या भागात कापसाला भाव सोडून सगळं मिळत होतं : समित्या, दौरे, कॅमेरे. प्रत्येक दौऱ्यानंतर आम्ही एक पत्रक काढायचो आणि ते टाइप करायचं महत्कार्य माझ्याकडे असे. ‘बोंडअळीसाठी दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळून फवारू नयेत’ हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय, की झोपेतही बोटं हलायची. दुकानदार देतो म्हणून तीन तीन औषधं एकाच पंपात ओतणाऱ्यांना मी चहाच्या टपरीवर उभा राहून फार हसायचो.

घरचा कॉम्प्युटर मुलीच्या अभ्यासासाठी घेतला होता. म्हणजे मी त्यावर पत्ते खेळायचो. खरं काम करणारा माणूस घरात एकच होता, बाबा. बाबांची सगळी नोकरी केळापूर-मारेगावकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, शिक्षक म्हणून गेली होती. पोरांना मराठी शिकवायचं तर आधी त्यांची कोलामी शिकायला हवी, असं ठरवून त्यांनी वर्षानुवर्षं वह्यांत शब्द टिपले होते. निवृत्तीनंतर ते एका बोटाने हे शब्द कॉम्प्युटरवर उतरवू लागले. मराठी टाइप करायला उस्तादांनीच शिकवलं. दोन वर्षं ते बोट टक टक करत होतं. काम संपलं, तेव्हा बाबांनी सगळ्यांना पेढे दिले.

उस्तादांनी पेढा हातात धरला आणि मला विचारलं, “कॉपी किती केल्या?”

“कशाला? इथे आहे ना.”

“एक घरात, एक माह्या दुकानात, एक तुमच्या ताईच्या सासरी. तीन. आजच करा.”

“करतो,” म्हणालो. आमच्या खात्यात या शब्दाला जो अर्थ आहे, त्याच अर्थाने. उलट पुढच्या महिन्यात मी आणखी एक प्रगत पाऊल उचललं. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, म्हणून बाबांच्या वह्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन टाकला. बाबांनी दारात उभं राहून तो जाताना पाहिला. म्हणाले, “तुला कळतं त्यातलं.” हे वाक्य मला आजही टोचतं.

मग एका मित्राच्या फ्लॉपीतून व्हायरस आला. कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला. उस्ताद यवतमाळला गेले होते, पण मला धीर कुठला? ‘फवारा’ आधीपासून होताच. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतला दुसरा टाकला. हापिसातल्या साहेबांकडून तिसरा आणला. एकाने दहा मरतील, तर तिघांनी तीस. तिघेही सुरू झाले आणि एकमेकांनाच व्हायरस समजून भांडू लागले. पडद्यावर इंग्रजीत प्रश्नांवर प्रश्न आले. मी सरकारी माणूस. समोर कागद आला की खाली सही. प्रत्येक प्रश्नाला ‘येस’ म्हणत गेलो. त्यातला एक प्रश्न असा होता, की व्हायरस लागलेली ही फाइल कायमची पुसू का?

ती बाबांची होती.

हे कळल्यावर तरी गप्प बसावं? मी फाइल शोधायला आणखी दोन सॉफ्टवेअर टाकली. पुन्हा व्हायरस नको म्हणून मुलीची गाणी आणि लग्नाचे फोटो इकडून तिकडे हलवले. बायको दारात उभी राहून म्हणाली, “अहो, उठा आता तिथून. हात बांधून बसा, पण उठा.”

दुसऱ्या दिवशी उस्ताद आले. चपला काढल्या, पाणी प्यायले, बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. “भाऊ, काय काय केलं?”

त्या दिवशी मी खरं सांगितलं. सगळं, रद्दीपर्यंत.

त्यांनी आधी कॉम्प्युटरची वायर काढली. मग म्हणाले, “तीन फवारे एकाच पंपात? तुमीच ना ते पत्रक काढता?”

त्यांनी मशीनचं झाकण उघडलं.

“पुसलेली फाइल लगेच मरत नाही भाऊ. जागेवरच राह्यते, वरून दुसरं काही पडेपर्यंत. वावरात अंगठी पडली, तं मानूस तिथं थांबून शोधते. तुमी नांगर फिरवला.” मग बाबांकडे वळून एकदम हळू आवाजात, “गुरुजी, यातली डिस्क नेतो. जेवढं येईल तेवढं आणतो.”

त्यांनी डिस्क काढली आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून, लेकरू न्यावं तशी छातीशी धरून नेली. चार दिवस ‘परत या’ चालली. लोडशेडिंगमध्ये थांबायची, वीज आली की पहिल्यापासून. चौथ्या दिवशी अर्धी फाइल परत आली. उरलेल्या पानांवर नुसते चौकोन होते. घर, नाती, अंग, शेत यांचे शब्द वाचले होते. रान, पाखरं, पाऊस, देव गेले होते.

बाबा पडद्याजवळ डोळे नेऊन ते चौकोन बघत राहिले. मोतीबिंदू पिकत आला होता. “आता कुठं आठवतंय सगळं,” एवढंच म्हणाले.

उस्ताद त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले. “गुरुजी, तुमी पोडावर शिकवाले गेलते, मी रेडिओ दुरुस्त कराले गेलतो. जंगलात रात रात राह्यलो. मले बी थोडं येते. तुमी बोला, मी बोलतो. भाऊ टाइप करन. दुसरं काई नाई करन.”

पुढचं वर्षभर दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर दुकान बंद ठेवून ते येत राहिले. दोघं ओट्यावर बसायचे. बाबा म्हणायचे, हा शब्द असा. उस्ताद म्हणायचे, “नाई गुरुजी, तो मारेगावकडचा. केळापूरकडं असं म्हनते.” मग दोघं चिडायचे, चहा व्हायचा आणि शेवटी दोन्ही शब्द लिहिले जायचे. नाहीच जमलं तर उस्ताद पुढच्या खेपेला पोडावर मोटर बघायला जाताना विचारून यायचे. मी हापिसातून लवकर येऊन आत बोटं चालवत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी टाइप केलेलं कुणाच्या तरी उपयोगाचं होतं.

नवी फाइल जुनीपेक्षा मोठी झाली. उस्तादांनी स्वतःच्या हाताने तीन सीड्या केल्या. माझ्यावर सोपवायला ते काही वेडे नव्हते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा गेले. उस्ताद पुढे मुलाकडे नागपूरला गेले, हृदयाच्या इलाजासाठी. जाताना पिशवी माझ्याकडे दिली, पण डायरी दिली नाही. “ती तुमाले कामाची नाई. अर्धे पत्ते बंद झाले,” म्हणाले. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून ओरडले, “काई बी विचारलं तं आधी ‘नो’ म्हना!” सहा महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला.

आता माझ्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नाही. तरी फाइल तीन ठिकाणी आहे. मी ‘करतो’ म्हणून खरंच केलेलं हे एकमेव काम. परवा मुलीने ती उघडायला सांगितली, म्हणून मी सहज शेवटपर्यंत गेलो. टाइप करून झाल्यावर कधी गेलो नव्हतो. सगळ्यात खाली, मी टाइप न केलेली एक ओळ होती. उस्तादांच्या पाटीवरच्या बारीक बारीक होत गेलेल्या अक्षरांची आठवण झाली.

‘कॉम्प्युटर — गुरुजींना शब्द माहीत नाही, मलाही नाही. पोडावर विचारून सांगतो.’