काट्यावर उभं राहिलेलं घर
मळीचा वास आला की मला साखर कारखान्याचा वजनकाटा आठवतो. नव्वदच्या दशकात मालक, म्हणजे माझा नवरा, आणि मी राहुरीकडच्या गावांतून विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत फिरायचो. जुन्या टेम्पोवर बांधलेली लाकडी खोली हेच आमचं घर. एका पावसाळ्यात तिचे खांब कुजले, तेव्हा थंडी पडल्यावर मालकांनी लोखंडी अँगल लावायचं काढलं. "आवं, एवढ्या वजनानं स्प्रिंगा बसतील," मी म्हणाले. "मंग काय घर पडू द्यायचं?" ते तडकले. मी हटले नाही, टेम्पो काट्यावर न्यायलाच लावला. उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेतून आमचं घर काट्यावर चढलं. काटेवाला म्हणाला, "ताई, आत्ताच लई वजन हाय." अँगलांच्या वजनाला जागा व्हावी म्हणून मी तिथंच लिंबाखाली सगळा संसार उतरवला आणि रोज लागतं तेवढंच परत चढवलं. शेवटी माझ्या आईनं दिलेला पाटा-वरवंटा उरला. "ऱ्हाऊ दे की त्यो," मालक हळूच म्हणाले. "मला खांब पायजेत," म्हणत मी तो काटेवाल्याच्या घरी देऊन टाकला. अँगल बसले, घर पुढं कितीतरी वर्षं फिरलं. आता आम्ही सिमेंटच्या घरात राहतो. मागच्या दिवाळीला मालकांनी न सांगता नवा पाटा आणला, आणि मी तो आधी उचलून बघितला.