मांगं हायेस न?

चिअरलीडिंग म्हटलं की लोकांना मैदानाच्या कडेला झिरमिळ्या हलवणाऱ्या मुली आठवतात. आमच्या घरीही तेच झालं. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. यात उचलणं असतं, झेलणं असतं, चुकलं तर हाडं मोडतात, असं मी तिला समजावून सांगितलं. हाडांचं ऐकून तिचा विरोध दुप्पट झाला. अक्कल पाजळायची मला पहिल्यापासून हौस.

आम्ही कॉलेजच्या आठ मुली. उरल्याच्या कारखान्यांच्या भागात बाबा ज्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर होते, तिथल्या बंद पडलेल्या कँटीनची शेड आम्हाला दुपारी सरावाला मिळायची. वर पत्रा, खाली गाद्या आणि सगळीकडे काळी धूळ. कितीही झाडा, तासाभरात पुन्हा बोटाला लागायची. सराव संपला की वर चढणाऱ्या मुलीच्या पांढऱ्या मोज्यांवर आमचे पंजे उमटलेले असायचे. कुणी कुठं धरलं, कुणाची पकड सुटली, हे आमची कोच त्या ठशांवरून ओळखायची. तिला आम्ही दीदी म्हणायचो.

वर चढायची ती तात्यापाऱ्याच्या जुन्या मराठी वस्तीतली, रेल्वेतल्या बापाची लेक. टीममध्ये मराठी आम्ही दोघीच, बाकी सगळा कारभार हिंदीत. दोघी जणी तिचे पाय तळहातांवर घेऊन तिला डोक्याच्या वर उचलायच्या आणि मी मागे उभी. मागच्या मुलीचं काम एकच, वरची मागे पडली तर झेलायचं. एरवी तिच्याकडे कुणी पाहतही नाही. माझा बांधा भक्कम, हात आखूड आणि जाड, भाकरी थापायला घडवलेले. मला ते काम आवडायचं.

चढण्याआधी ती वळून बघायची नाही. नुसतं विचारायची, "मांगं हायेस न?" मी म्हणायची, "हव." ते ऐकल्याशिवाय ती पाय उचलायची नाही. मागच्या मुलीनं जागा सोडली तर ती टीमबाहेर, असा दीदीचा नियम होता.

स्पर्धा आठवड्यावर आली होती. एका दुपारी पोरी पाणी पीत असताना बाबांचा फोन आला. पत्र्याखाली नीट ऐकू यायचं नाही, म्हणून मी डावीकडच्या दारात गेले. बाबा डबा घरी विसरले होते, एवढंच. मी हो-हो करत होते, तेवढ्यात आतून तिचा आवाज आला.

"मांगं हायेस न?"

थांब म्हणायला मी तोंड उघडलं. त्याआधीच कुणीतरी म्हणालं, "हव."

आवाज शांत होता. बाईचा की पुरुषाचा, ते मला आजही सांगता येत नाही. खालच्या दोघींनी गिनती केली, तिला उचललं आणि ती वर गेली. तिच्या मागची जागा रिकामी होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग तिचा एक पाय थरथरला आणि ती मागे गेली.

मी धावले. पंधरा पावलं तरी असतील, मी पोहोचणं शक्यच नव्हतं. पण ती आदळली नाही. काखेत हात घालून कुणी लेकराला खाली ठेवावं, तशी ती गादीवर बसली.

खालच्या दोघी भेलकांडून पडल्या होत्या, दीदी पाठमोरी कुणाला तरी रागावत होती. सगळ्यांनी पाहिलं तेव्हा मी तिच्या मागे गुडघ्यांवर धापा टाकत होते. "क्या पकड़ा यार!" पोरींनी टाळ्या वाजवल्या. दीदीनं तिला वळवलं. पांढऱ्या टी-शर्टवर, दोन्ही काखांखाली, दोन काळे पंजे.

"देखो, एकदम सही जगह," दीदी म्हणाली.

त्या ठशांची बोटं माझ्या बोटांपेक्षा पेरभर लांब होती. मी हात मागे घेतले. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगते, त्या वेळी मला भीती वाटली ती टीममधून काढतील याचीच. दुसरी भीती नंतर आली, घरी साबणानं हात धुताना. आणि लाज आली ती गेलीच नाही.

पुढची दोन वर्षं ती दर वेळी विचारायची आणि मी हव म्हणायची. कधी कधी वाटायचं, माझ्याही मागे कुणीतरी हात उचलून उभं आहे. मी वळले नाही. मागच्या मुलीनं वळायचं नसतं.

आता ती शंकर नगरच्या एका शाळेत लहान मुलींना हेच शिकवते. माझं ऑफिस जवळच आहे. गेल्या महिन्यात तिनं मला बोलावलं, मागं कसं उभं राहायचं ते पोट्ट्यांना दाखव म्हणून. हॉलबाहेर चपला काढताना मला राहवलं नाही. त्या दिवशी मी नव्हतेच, असं सांगून टाकलं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "वरून सारं दिसते. तू दरवाज्यात फोन कानाले लावून उभी होतीस. तुले पाहिलं अन् म्हटलं, मंग मांगून बोललं कोन? तिथंच पाय गेला माहा."

म्हणजे तिला झेललं कुणी का असेना, पाडलं मीच होतं. मला रडू आलं. रडतच विचारलं, "मंग दोन वर्षं मले काहून विचारत होतीस?"

ती बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तुले कुठं विचारत होती?"

आत गेलो. नऊ वर्षांची एक बारकी पोट्टी दोघींच्या हातांवर पाय ठेवायला तयार झाली. मी तिच्या मागे उभी राहिले. माझ्यामागे फक्त भिंत होती.

"पीछे हो न, दीदी?" पोट्टीनं विचारलं.

मी घाईघाईनं, जवळजवळ ओरडूनच म्हटलं, "हव." दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.