उशिरा थांबणारं हसू

बातमी आली तेव्हा आम्ही हात वर करून हसत होतो. कोथरूडमधल्या बागेत भरणाऱ्या आमच्या हास्यक्लबात रोज सकाळी व्यायामाचा शेवट असाच होतो. हात आभाळाकडे, मान मागे, मोकळं हसू. कुणाच्या तरी फोनवर उत्तरेतल्या रेल्वे अपघाताची बातमी झळकली. त्याने गाडीचं नाव मोठ्याने वाचलं आणि हसणं तिथेच तुटलं. त्या गाडीत क्लबातली तीन माणसं होती... यशवंत कांबळे, मधुकर ओक आणि त्यांच्या पत्नी नलिनीताई. दिवसभर टीव्हीवर मृतांचा आकडा वाढत राहिला. संध्याकाळी त्यात या तिघांची नावं आली. दुसऱ्या दिवशी देशभर झेंडे अर्ध्यावर होते. आमच्या बागेला कुलूप होतं.

कांबळे टपाल खात्यातून निवृत्त झाले होते, ओक बँकेतून. कांबळ्यांना बोधगया पाहायची होती, ओक पतिपत्नींना काशी. म्हणून तिकिटं एकत्र काढली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे कांबळ्यांच्या पत्नी शकुंतलाताई घरीच राहिल्या. कांबळ्यांची एक खोड होती. सगळ्यांचं हसून झालं, हात खाली आले, तरी त्यांचं एकट्याचं हसू थोडा वेळ चालूच असायचं. ओक वैतागायचे. “कांबळे, निदान हसण्यात तरी शिस्त पाळा.” त्यावर कांबळ्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “अहो ओक, तुमचं हसू बँकेचं. वेळ झाली की खिडकी बंद. आमचं टपालाचं. उशिरा का होईना, पोचतं.” मग नलिनीताई म्हणायच्या, “आता दोन्ही खाती बंद करा. घरी पोहे गार होतायत.”

कांबळ्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या शोकविधीला, सगळा क्लब पांढऱ्या कपड्यांत हजर होता. परदेशातून आलेला ओकांचा मुलगाही होता. आदल्या दिवशीच त्याने आईवडिलांचे विधी उरकले होते. त्रिसरण, पंचशील झालं. शकुंतलाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडत नव्हत्या. बाहेर पडताना आम्ही एक निर्णय घेतला. कांबळ्यांची गॅलरी थेट बागेवर उघडते. त्या बाईच्या डोळ्यांदेखत हसायचं कसं? क्लब टेकडीजवळच्या मैदानात हलवला. असे निर्णय आम्ही फार समजूतदारपणे घेतो. फक्त ज्याच्यासाठी घ्यायचे, त्याला विचारत नाही.

काही आठवडे गेले. एका सकाळी शकुंतलाताई काठी टेकत मैदानात आल्या. धाप लागली होती.

“इथे लपून हसता होय?”

आमच्यातले दामले म्हणाले, “वहिनी, तुम्हाला त्रास नको म्हणून...”

“मला विचारलंत?”

शकुंतलाताई बाकावर बसल्या. “तुमचं हसणं थांबायचं, मागून ह्यांचं एकट्याचं ऐकू यायचं. ते ऐकलं की मी चहाचं आधण ठेवायचे. ह्यांचं गेलं ते गेलंच. पण तुमचंही बंद केलंत. सकाळी गॅसपाशी जाऊन उभी राहते... आणि पेटवायचा कधी, तेच कळत नाही. काल दुपारपर्यंत चहा झाला नव्हता.”

दुसऱ्या दिवशी क्लब बागेत परतला. व्यायाम नेहमीच्या क्रमाने झाले. ओकांच्या जागा कुणी घेतल्या नाहीत, कांबळ्यांचीही नाही. वर्तुळ त्या ठिकाणी उघडंच राहिलं. शेवटी हात वर गेले. हसू नीट आलं नाही. काहींचं अर्ध्यावरच राहिलं, काहींचं भलतीकडेच वळलं. दामल्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग आवाज थांबला. हात मात्र कुणी खाली घेतले नाहीत.

वर गॅलरीत शकुंतलाताई कठडा धरून उभ्या होत्या. कांबळ्यांचं हसू जितका वेळ पुढे चालायचं, तितका वेळ त्या तशाच थांबल्या. मग आत गेल्या. स्वयंपाकघरातला दिवा लागला.

तेव्हा आम्ही हात खाली घेतले. आता रोजच तसं होतं.