रविवारची चूल

आमच्या घरी रविवारचं मटण अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वतः करायचे. लोह्याजवळच्या आमच्या गावात बरेच पुरुष मटण करतात, पण अण्णांचा थाटच निराळा. अंगणात तीन दगडांची चूल, डोक्याला पंचा, आणि आईला तिकडे फिरकायची बंदी. वाढायची पळीही त्यांच्याच हातात. पातेलं ढवळून ढवळून ते चोखायची नळी शोधायचे आणि माझ्या ताटात टाकायचे. भाऊ दरवेळी रुसायचा.

मागच्या वर्षी त्यांना स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी मटण बंद केलं. अण्णांनी ते पाळलं. माणूस शब्दाचा पक्का. पण रविवार आला की ते शेतात निघून जायचे, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर यायचे आणि अर्धी भाकरी खाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई फोनवर म्हणाली, "गोळ्या चालू हायत, पर माणूस वाळून चाललाय. बोलतच न्हाई कुणाशी." मला भीती वाटली. दवाखान्यातून सुखरूप आणलेला माणूस घरात बसल्याबसल्या हातचा जातोय की काय, अशी.

मी लातूरला राहते. माझ्या मुलींच्या हट्टापायी पास्ता करायला शिकले होते. पुढच्या रविवारी सगळं सामान घेऊन गेले, दुधातला पांढरा पास्ता केला आणि शेताकडे निघालेल्या अण्णांना अडवून ताटावर बसवलं. त्यांनी एक घास घेतला.

"आजारी माणसाचं हाय का हे?"

"तुम्ही आजारीच आहात," मी म्हणाले. जीभ माझीही त्यांच्यावरच गेलीय. अण्णा हात धुऊन उठले.

परतताना मी एसटीत धुमसत बसले होते. अहमदपूर मागे पडलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. त्यांचं मटण गेलं ते गेलंच, पण चूलही गेली होती, आणि ती कुणी परत देऊ केली नव्हती.

पुढच्या रविवारी पास्त्याची दोन पाकिटं त्यांच्यापुढे ठेवली. "अण्णा, मला झणझणीत रस्सा जमत नाही. तुम्हीच करा."

त्यांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. मग डोक्याला पंचा गुंडाळला.

कांदा भाजला, काळा मसाला काढला. तेलावर आई पहारा देत होती. पण मटणाची सवय. हळद-मीठ लावून पास्ता आधी पातेल्यात गेला आणि वर झाकण बसलं. मी तोंड उघडलं तर म्हणाले, "गप. मला शिकवायलीस का?" तासाभराने झाकण काढलं तर आत खळ झालेली.

अण्णा पातेल्यात बघत राहिले. आता हे उठून शेतात जाणार, असं मला वाटलं.

"किती वेळ लागतोय ह्याला?"

"भाजी चिरून होईस्तोवर."

"मंग आधी सांगायचं न्हाई का?"

"सांगतच होते की!"

आई पदर तोंडाला लावून हसली. खळ म्हशीच्या टोपल्यात गेली. अण्णांनी दुसऱ्यांदा रस्सा चढवला: वांगी, भिजवलेले हरभरे, लसणाचा एक अख्खा गड्डा. पास्ता टाकला तो अगदी शेवटी, दर मिनिटाला एकेक चाखत.

आम्ही पंगतीला बसलो. अण्णा वाढायला लागले. माझ्यापाशी आले आणि त्यांची पळी पातेल्यात फिरायला लागली, तळापासून, जुन्या सवयीने. तिथे नळी नव्हती हे त्यांनाही ठाऊक होतं. मग पळीत लसणाचा गड्डा आला, शिजून मऊ झालेला. तो त्यांनी माझ्या ताटात टाकला.

"घे. चोख."

"मला कधी?" भाऊ म्हणाला. त्याला आता दोन पोरं आहेत.

"तू गप जेव." अण्णांनी पातेलं खाली ठेवलं, पंगतीवर नजर फिरवली आणि आईला म्हणाले, "माझं ताट कुठंय?"

कित्येक रविवारांत ते पंगतीत मांडलंच नव्हतं. आई लगबगीने उठली.