जानकाकूचा तांडेल

फुटकी करवंटी, गंजका रॉकेलचा डबा, तुटकी वहाण, काहीही उकिरड्यावर टाकायला निघालं की कुंपणापलीकडून जानकाकूचा हात पुढं येई. "टाकू नको गो, ह्यात कोनतरी हाय," असं म्हणून ती वस्तू उजेडात धरून फिरवत बसे. तीस सालच्या आसपास मी लग्न होऊन मिरकरवाड्याशेजारच्या त्या आळीत आले, तेव्हा ही बाई मला वेडी वाटली. आळीलाही ती वेडीच वाटे, पण आळीला अक्कल किती होती ते पुढं कळेलच.

काकूच्या पडवीत भंगाराची माणसं उभी असत. फुटक्या घागरीच्या पोटाचे खोत होते, छत्रीच्या काड्यांचा लंगडा पोस्टमन होता. एकदा तिनं गंजक्या विळीचं पातं आणि फाटकं सूप घेऊन एक म्हातारी केली. मी हसून हसून बेजार झाले. माझ्या सासूबाईंनी मात्र स्वतःला ओळखलं आणि पुढचे गणपती येईपर्यंत काकूशी बोलणं टाकलं.

सगळ्यांच्या मागं, भिंतीशी, तिचा नवरा उभा होता. तुकाराम तांडेल पडाव घेऊन समुद्रात जयगडच्या पुढं गेला तो परत आलाच नाही. होडीच्या फळ्या आरे-वारेच्या वाळूला लागल्या, माणूस लागला नाही. त्याच फळ्या आणून काकूनं त्याची छाती केली. मोडक्या जूचे खांदे, करवंट्यांचे गुडघे, दंडाला काथ्याचे पीळ. चेहऱ्याला मात्र पोफळीची विरी, झावळीच्या बुडाचं ते चामड्यासारखं आवरण. ती ओली करायची, बोटांनी दाबायची आणि सावलीत वाळवायची. अशा कितीतरी विऱ्या तिनं शेवटी चुलीत घातल्या. "हसू येतं, पन त्याचं येत नाय," म्हणायची. मग एका वर्षी ते आलं. तांडेलाची म्हातारी आई तिन्हीसांजेला पडवीत आली आणि त्या आकृतीला म्हणाली, "आलास रं?" काकूला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

प्रेत मिळालं नाही तर बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, अशी रीत. तोवर काकूचं कुंकू शाबूत होतं. बारा वर्षं भरली आणि दीर गंगाराम भटजींना घेऊन आला. त्याचीही अडचण होती. घरात क्रिया राहिलेली, म्हणून त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली होती. काकूनं विधीला ना म्हटलं नाही, बांगड्या उतरवायलाही ती तयार होती. पडवीतला तेवढा राहू दे, एवढंच तिचं मागणं. गंगारामनं ते कबूलही केलं. भटजी पानं मांडायला बसले, तोच म्हातारी उठली.

"पानांचा कशाला?" ती म्हणाली. "माझा ल्योक हा उभा हाय. त्यालाच अग्नी द्या."

आईपुढं कोण बोलणार? भटजींनी छातीवर पळसाची पानं ठेवून शास्त्राची सोय लावली. जिनं काकूला इतकी वर्षं वेडी म्हटलं ती आळी त्या दिवशी डोळे पुसत खांदा द्यायला पुढं झाली. निदान चेहरा तरी सोडवून घ्यावा म्हणून काकू धावली, तर जावेनं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. काथ्याच तो, किनाऱ्यावर भसकन पेटला. मला त्या साऱ्यांची चीड आली होती, आजही येते.

त्याच वैशाखात पुतणीचं लग्न लागलं. काकू आता विधवा, तेव्हा तिला मागच्या दारी बसवलं होतं. मी पान वाढून घेऊन गेले. तिनं घासही घेतला नाही. मी म्हटलं, काकू, दुसरा करा, हात तर तेच आहेत ना तुमचे. तिनं पान बाजूला सारलं.

"जरा वाईट करायला हवा व्हता गो," ती म्हणाली. "मग पानांचाच जाळला असता त्यांनी."