चावीशिवाय लागणारे दिवे

वडील गेल्यावर त्यांची गाडी कागदोपत्री धाकट्या भावाच्या नावावर झाली. चालवते मात्र मीच, रोज, भूगावातल्या घरापासून उरवड्याच्या कारखान्यापर्यंत. गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. गर्दीत चढ लागला की तापून बंद पडते आणि चावी काढून पंधरा मिनिटं कुणी छेडलं नाही तर आपणहून ताळ्यावर येते. माझंही तसंच आहे, त्यामुळे आमचं जमतं.

गेल्या श्रावणात पिरंगुटचा घाट चढताना ती धुक्यात बंद पडली आणि मागचा डंपर तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. जुन्या गाडीला चारही इंडिकेटर एकदम लावायची सोय नव्हती, त्याला मी दिसलेच नव्हते. भावाला कळलं तसा तो पांढराफटक पडला.

"आक्का, आता बास. पुन्हा रस्त्यात बंद पडली की भंगारवाल्याला फोन करणार हाय मी."

"दिवं न्हाईत ना? लावून घेते. गाडी द्यायची न्हाई."

"तुझा सुंभ जळंल, पर पीळ जायाचा न्हाई."

"न्हाईच जायाचा."

दुसऱ्याच दिवशी पिरंगुटातल्या वायरमनकडे गेले. तो हसला. "हिला चार दिवं कशाला, ताई? चौकात सरळ जायला व्हय?" आमच्याकडे ही रीतच आहे. सरळ जायचं असलं की लोक चारही लावतात. कुणी शिकवलं, देव जाणे. मी सांगितलं, बंद पडल्यावर लावायला. तो बघतच राहिला.

दिवे लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला दोनच दिवे झेपायचे, म्हणून त्याने चार दिव्यांचा नवा फ्लॅशर लावला, डॅशबोर्डखाली बटण बसवलं. काम नेटकं होतं. मी बटण दाबलं, चारही लुकलुकले. मग मी चावी काढली. सगळे विझले.

"चावीच्या वायरीवरनं करंट घेतलाय," तो म्हणाला. "बॅटरी उतराय नको. सगळ्यांचं असंच करतो, कुणाची तक्रार न्हाई."

"सगळे सरळ जातात, दादा. मी बंद पडते."

तो मान हलवत चहाला गेला. त्याच्या डब्यातली वायर मी स्वतः बॅटरीपासून बटणापर्यंत ओढली, मध्ये फ्यूज घातला. बोटं काळी झाली, एक नख तुटलं. चहाहून आल्यावर त्याने माझा जोड ओढून पाहिला आणि वरून टेप गुंडाळून दिली.

आठवड्याने भाऊ पिरंगुटहून माझ्यासोबत घरी येत होता. घाटात कंपन्यांच्या कॅबची रांग, वर धुकं आणि भुरभुर पाऊस. अर्ध्या चढावर गाडीने मान टाकली. मी चावी काढून त्याच्या हातात दिली, कारण चावीशिवाय दिवे लागतात का, हे त्याला बघायचं होतंच. बटण दाबलं. टिक, टिक, टिक. चारही लागले.

मागचा कॅबवाला हॉर्न वाजवू लागला. खिडकीतून ओरडला, "सरळच जायचंय ना? मग जा की!"

भावाने माझ्याकडे पाहिलं. आता तो म्हणणार, बघ, तुझे दिवे कुणाला कळतात. आणि पुन्हा बंद पडलीच होती. भंगारवाल्याचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. तरी मी म्हटलं, "कर फोन. मी खाली उतरणार न्हाई."

तो दार उघडून खाली उतरला. गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि कॅबवाल्यावर खेकसला, "बंद पडलीया! चार दिवं दिसत न्हाईत व्हय? बाजूनं काढ!"

पंधरा मिनिटं तो तिथेच भिजत, हाताने एकेक गाडी बाजूने काढत उभा होता. मग आत येऊन बसला. मी हात पुढे केला.

त्याने चावी दिली.